उन्हात ऊन

मराठीत ऊन म्हणजे मे महिन्यात नागपूरकराच्या डोक्यावर जे कोसळतं ते. उर्दूत ऊन म्हणजे लोकर. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हा शब्द दरवर्षी एकदा तरी वर्गात घोटाळा करतोच. ‘बाहेर कडक ऊन पडले होते’ या वाक्याचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा पाचवीतल्या एका मुलानं रस्त्याच्या मधोमध पडलेला लोकरीचा गुंडा काढला होता. गुंडा फार सुरेख होता. मी त्याला पूर्ण गुण दिले.

गेल्या मे महिन्यात मी उन्हात खरोखरच ऊन शिकवायला घेतलं. आठवी-नववीच्या बारा मुली आणि तीन मुलगे, वेळ सकाळी सात ते नऊ. ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते आधी हसले. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे मुलांच्या हातात स्वेटरच्या सुया? शेजारच्या खाला म्हणाल्या, थंडीत शिकव ना. पण थंडीत मुलांना वेळ कुठे असतो? सहामाही, सराव परीक्षा, वार्षिक. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात, कारण तोवर वर्गात बसवत नाही. म्हणजे आमच्या मुलांच्या हाती उन्हाळा जरा जास्तच लांब येतो. मुलगे निदान संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुली मात्र दोन महिने कूलरसमोर मोबाइल घेऊन आडव्या पडलेल्या असतात, नाहीतर स्वयंपाकघरात. हात चालू ठेवायचे असतील तर वेळ हीच.

लोकर मात्र चालणार नव्हती. दुकानात ‘ऊन’ म्हणून जे मिळतं त्यात आता मेंढीचा संबंध फारसा नसतो. बहुतेक ॲक्रेलिक असतं, लुधियानाकडून आलेलं. स्वस्त, रंग झकास. पण मे महिन्यात घामेजलेल्या बोटांना ते चिकटतं, सुईवर सरकत नाही आणि मांडीवर पडलं की गरम पोतेऱ्यासारखं वाटतं. नवशिक्याला त्याचा वैताग पहिल्या दहा मिनिटांत येतो आणि तो समजतो की आपल्यालाच जमत नाही. म्हणून सुती धागा हवा. इतवारीत तो शोधायला मला तीन दुकानं पालथी घालावी लागली. एका दुकानदारानं ‘मिल्क कॉटन’ पुढे केलं. मऊ, गुबगुबीत, नावात कॉटन. त्यातही बहुतेक वेळा ॲक्रेलिक मिसळलेलं असतं. मी ते घेतलंही, पण शिकवण्यासाठी घेतलं.

पहिल्या दिवशी विणकाम झालंच नाही. तीन धाग्यांचे बोटभर तुकडे कापले, चिमट्यात धरले आणि स्टीलच्या ताटलीवर एकेक पेटवला. सुती तुकडा कागदासारखा जळला, वासही जळक्या कागदाचा, मागे भुरभुरीत राख. ॲक्रेलिकचा तुकडा वितळून आक्रसला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. ‘मिस, ये तो पिघल गया!’ मिल्क कॉटनचं अर्धं राख, अर्धं मणी. नववीच्या मुलांना यापुढे कुणीही धाग्याबाबत फसवू शकणार नाही. हा प्रयोग घरी करायचा तर मोठं माणूस जवळ हवं, पाण्याचा तांब्या हवा आणि पंखा बंद हवा. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.

मजा अशी की आपण बसलोय कापसाच्या मुलखात. यवतमाळला पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणतात. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपुरातच, कारण कापूस दारात होता. वर्गातल्या निम्म्या मुलांचे पणजोबा किंवा आजोबा कुठल्या ना कुठल्या मिलमध्ये नाहीतर हातमागावर होते. मोमिनपुरा हे नावच विणकर मोमिनांचं. आता एम्प्रेस मिलच्या जागी मॉल आहे. मुलांना मॉल ठाऊक आहे, मिल ठाऊक नाही. आणि विणायला सुती धागा हवा तर आपण इतवारीत दुकानं पालथी घालायची.

बरं, उन्हाळ्यात नवशिक्यांनी विणायचं काय? इथे माझं मत ठाम आहे. अंगात घालायचं काहीही नाही. मापाचं काम पहिल्याच महिन्यात मुलाच्या गळ्यात मारलं की गळाच चुकतो. छोटं, चपटं, आठवड्यात हातावेगळं होणारं आणि घरात लगेच वापरात येणारं काम हवं. ज्यांना दोन सुया हव्या होत्या त्यांना मी भांडी पुसायचा रुमाल दिला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. सुईवर चार टाके घालायचे. प्रत्येक ओळीत दोन सुलट, मग धागा सुईवरून घेऊन एक टाका वाढवायचा, उरलेले सगळे सुलट. एवढंच. ओळीमागे एक टाका वाढत जातो, त्रिकोण मोठा होतो, कडेला आपोआप जाळी पडते. चाळीस-बेचाळीस टाके झाले की तसाच एकेक टाका कमी करत यायचं. उलट टाका शिकायचीही गरज नाही. पहिला रुमाल वाकडाच होतो. भांडी पुसायला वाकडा चालतो, हा त्याचा मोठेपणा.

सुती धाग्याची खोडही आधी सांगून टाकावी. तो लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळे नवशिके टाके आवळून ठेवतात आणि बोटं दुखवून घेतात. शिवाय त्याचे पदर सुटतात. सुईचं टोक पदरांच्या मधूनच घुसतं. म्हणून बोथट टोकाची, चार मिलिमीटरच्या आसपासची सुई आणि जाडसर धागा. अर्ध्या तासानंतर हात खाली ठेवायचे. कूलरच्या थेट झोतात बसायचं नाही. लोखंडी सुयांना गंज चढतो आणि धागा दमट होतो. मेंदीचे आणि आंब्याचे हात आधी धुवायचे, हा नियम मी फळ्यावर लिहून ठेवला होता. तो पाळला गेला नाही. एका रुमालावर दशहरी आंब्याचा नकाशा अजून आहे.

बाकीच्यांनी क्रोशाची सुई घेतली. माझी अम्मी क्रोशाच करायची. आमच्या घरी टीव्हीला, फ्रिजच्या मुठीला, रेडिओला, प्रत्येकाला जाळीचा पोशाख होता. फक्त अब्बांची सायकल तेवढी वाचली होती. क्रोशात मुलांना गोलाची गंमत दाखवता येते. चार साखळ्या घालून जोडायच्या, त्या कड्यात बारा खांब. पुढच्या फेरीत चोवीस. त्यापुढच्या फेरीत छत्तीस. फेरीमागे बारा वाढवत गेलं की गोल चपटा राहतो. वाढ जास्त झाली की कडा पापडासारखी लहरते. वाढ थांबवली की कडा उभी राहायला लागते आणि वाटी तयार होते. आठवीतल्या एका मुलानं ती वाटी डोक्यावर ठेवून पाहिली आणि ओरडला, मिस, टोपी! बरोबर. नमाजच्या जाळीदार टोपीत यापेक्षा वेगळं काही नसतं. किती वाढवायचं आणि कुठे थांबायचं एवढाच हिशेब.

सगळ्यांत जास्त खप झाला दोन गोष्टींचा. एक, माठावरची जाळी: चपटा गोल, कडेला मणी, म्हणजे कूलरच्या वाऱ्यानं उडत नाही. अशी मणी लावलेली झाकणं पूर्वी दुधाच्या भांड्यांवर असायची. दुसरी, पाण्याच्या बाटलीचं कव्हर. तळाला गोल, मग वाढ थांबवून सरळ वर, शेवटी खांद्यावर अडकवायला साखळीचा लांब पट्टा. हे कव्हर पाण्यात बुडवून, पिळून बाटलीवर चढवायचं आणि बाटली सावलीत, वाऱ्याला टांगायची. सुती धाग्यातलं पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. माठाचं आणि जुन्या किरमिजाच्या पिशवीचं हेच तत्त्व. आमची मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून हे चालतं. जुलैत हेच कव्हर नुसतं ओलं कव्हर असतं. ॲक्रेलिकचं कव्हर पाणी पीतच नाही, त्यामुळे दोन सारख्या बाटल्या शेजारी टांगून मुलांनी स्वतः हात लावून फरक पाहिला. विज्ञानाच्या पुस्तकातलं बाष्पीभवन त्या दिवशी खांद्याला अडकलं.

आता भाषेबद्दल, कारण माझा खरा स्वार्थ तिथे होता. आमच्या मुलांना मराठी लिहिता येतं, पण बोलायची वेळ आली की ती भिंतीकडे बघतात. वर्गात मी एक अट घातली: काम कसं करायचं ते एकमेकांना मराठीत सांगायचं. सुरुवातीला गोंधळच गोंधळ. ते म्हणायचे फंदा, मी म्हणायचे टाका. मग मी सांगितलं की मराठीत फंद म्हणजे नसती उठाठेव, फंदात पडणे म्हणजे नको त्यात अडकणे. ते सगळ्यांना इतकं आवडलं की पुढे महिनाभर ज्याचा गुंता व्हायचा तो फंदात पडला, असंच म्हणायचे. सीधा-उल्टाचं सुलट-उलट झालं. उलटसुलट चर्चा हा शब्द कुठून आला असेल याचा अंदाजही त्यांनीच बांधला. तो बरोबर आहे असा दावा मी करणार नाही, पण मी खोडलाही नाही.

आणि मग चौकटींचा तक्ता आला. दोन सुयांवरच्या नक्षीचा तक्ता खालून वर वाचतात, आणि पहिली ओळ उजवीकडून डावीकडे. का, तर काम करणारा उजवा हात टाके उजव्या टोकापासूनच उचलतो. काम पालटलं की पुढची ओळ डावीकडून उजवीकडे. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला हे समजायला आठवडा लागला होता. माझ्या वर्गानं तक्ता पाहिला आणि एकजण सहज म्हणाला, एक लाइन उर्दू, एक लाइन मराठी. झालं. त्यानंतर कुणालाही काही समजावावं लागलं नाही. दोन लिप्या शिकणं म्हणजे मुलांवर दुहेरी ओझं, हे मी वीस वर्षं ऐकत आलेय, कधी सहानुभूतीनं, कधी टोमण्यानं. तो तक्ता मी भिंतीवर लावून ठेवलाय.

तीन मुलग्यांबद्दल लोक विचारतात. पहिले दोन दिवस गल्लीत चिडवाचिडवी झाली. तिसऱ्या दिवशी एकाच्या आजोबांनी, जे स्वतः मागावर बसलेले आहेत, दारात उभं राहून सांगितलं की आमच्या घरात विणकाम पुरुषांनीच केलं, तुमच्या घरात काय करत होते? चिडवणं संपलं.

खरा पेच तिसऱ्या आठवड्यात उभा राहिला. नववी संपवून दहावीत जाणारी एक मुलगी. नाव लिहीत नाही. तिचा हात असा चालायचा की मी शिकवणं थांबवून बघत बसायचे. बारीक धाग्यावर, अगदी सव्वा मिलिमीटरच्या सुईवर तिनं टोपी केली, आणि घरी आलेल्या पाहुण्यांनी ती पाहिली. आठ दिवसांत एक व्यापारी घरी आला. धागा मी देतो, सुई मी देतो, टोपीमागे इतके रुपये. तिची अम्मी मला भेटायला आली ती आनंदात. मिस, तुम्ही फार चांगलं केलं, हाताला काम लागलं. आणि मग जरा थांबून: आता दहावीसाठी एवढी धावाधाव कशाला करायची? घरबसल्या कमावते आहे. लग्नातही हे कामाला येईल.

मी बी.एड. केलं तेव्हा नई तालीमवर पाच गुणांची टीप पाठ केली होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार मांडला गेला आणि अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले. इथून गाडीनं दीड तासावर घडलेली गोष्ट. पण टीप लिहिताना आम्ही एक वाक्य गाळायचो. त्या समितीनं आपल्याच अहवालात इशारा दिला होता की या योजनेत कमाईची बाजू वरचढ होऊन शिकण्याची बाजू मारली जाण्याचा धोका आहे. मुलानं सूत किती कातलं याचाच हिशेब ठेवला गेला, तर शाळा उरणार नाही. ते वाक्य मला त्या दिवशी त्या बाईंच्या समोर बसून आठवलं.

आणखी एक उदाहरण मी त्यांना सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या उर्दूत. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. लेस परदेशात गेली, व्यापारी उभे राहिले. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: दिवसभर सुई चालवणाऱ्या बायकांना कुणी कामगार म्हणतच नव्हतं. त्या गृहिणी, फावल्या वेळात काहीतरी करतात, असं सगळेच म्हणायचे, त्या स्वतःसुद्धा. फावल्या वेळाला भाव कोण देणार?

त्या बाईंनी ऐकून घेतलं. पण ज्या घरात महिन्याचं भाडं कसंबसं जमतं, तिथे नरसापूर फार लांब असतं, हे मलाही कळत होतं. मी त्यांना काम बंद करा असं म्हटलं नाही. तसं म्हणण्याचा अधिकार भाडं भरणाऱ्याला असतो. मी एवढंच म्हटलं की आधी हिशेब करू, आणि तो मुलीला करू द्या.

दुसऱ्या दिवशी तिनं घड्याळ लावून टोपी विणली. दोन बैठकांत मिळून साडेसहा तास. फळ्यावर तिनं मराठीत मांडणी केली: एकूण तास, एकूण मजुरी, दर तासाची मजुरी. भागाकार झाल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘मिस, घंटे में एक प्लेट पोहा भी नहीं आता.’ तर्रीसकट तर नाहीच. पोरं हसली, तिची अम्मी हसली नाही. त्यांनी स्वतःच्या बोटांवर पुन्हा हिशेब केला आणि तो तितकाच निघाला.

नंतर जे झालं ते काही सिनेमासारखं नाही. व्यापारी थोडा वाढला, फक्त हिच्यासाठी आणि कुणाला सांगायचं नाही या अटीवर. तिनं मैत्रिणींना अर्थातच सांगितलं. त्या गल्लीतल्या आणखी चौघी त्याच दरानं काम करत होत्या, आणि त्यांच्यापैकी दोघींनी शाळा आठवीतच सोडलेली आहे. आता त्या पाचजणी टोपीमागे किती तास जातात ते वहीत लिहून ठेवतात. व्यापाऱ्याला ती वही अजिबात आवडलेली नाही. एका टोपीऐवजी माठाच्या जाळ्या आपणच करून विकाव्यात असंही त्यांच्या मनात आहे. मणी कुठे स्वस्त मिळतात ते मी इतवारीत विचारून ठेवलंय.

मुलगी शाळेत येते आहे. आठवड्याला दोन टोप्या, शाळेच्या वेळेबाहेर, असं तिच्या अम्मीनं कबूल केलंय. कधी तीन होतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती वर्गात पेंगते. अशा दिवशी मी तिला वाचायला उठवत नाही, आणि तास संपला की डब्यातलं काय ते अर्धं तिच्यापुढे सरकवते. तिच्या मराठीच्या वहीत मागच्या पानांवर बाटलीच्या कव्हरची पूर्ण कृती लिहिलेली आहे, लहान भावासाठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका आहेत. कृतीत एकही नाही. बोर्डाचा फॉर्म भरायला अजून दोन महिने आहेत, आणि त्या फॉर्मवर पालकाची सही लागते.